चेहरे मोकळे करणाऱ्या पंचफुलाबाई

आई गेली तेव्हा तिचा एकटीचा असा एकही फोटो घरात सापडला नाही. होते ते सगळे गर्दीतले. कुणाच्या लग्नात तिसऱ्या रांगेत, कुणाच्या बारशात पाळण्यामागे अर्धी. मी तेव्हा नांदेडला एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होते. माझ्या भाड्याच्या खोलीखालीच, रस्त्याला लागून, एक अरुंद दुकान होतं. पाटीवर नाव नाही, नुसतं 'फोटो दुरुस्त करून मिळतील'. वर्षभर मी त्याच्यावरून जात-येत होते, पण आत पाऊल टाकायची वेळ आली नव्हती. आईचा दहावा झाल्यावर टाकलं.

आत पन्नाशीची एक बाई संगणकासमोर बसली होती. सावळी, किरकोळ बांध्याची, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. मी लग्नातला एक फोटो पुढे केला आणि बोटानं आई दाखवली. तिनं चष्मा लावून आईकडे बराच वेळ पाहिलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पण डोळ्यांकडे नाही, जरा बाजूला.

"केस मागं घ्या बरं मॅडम."

मला कळेना.

"कान दावा. आईचा कान पदरात गेलाय. लेकीचा बहुतेक आईवरच जातो."

मी केस मागे घेतले. तिनं मोबाइलवर माझ्या कानाचा फोटो काढला आणि तेवढ्यावरच मला परत पाठवलं. चार दिवसांनी आई मिळाली. पदर डोक्यावरून किंचित मागे, उजवा कान उघडा, कुडी तीच. मी फोटो हातात घेतला तेव्हा बाई उठल्या आणि दुकानाबाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी डोळे पुसून बाहेर आले तेव्हाच त्या आत गेल्या. पुढे नऊ वर्षं मी पाहिलं, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या वेळी त्या असंच करत. ऊन असो, थंडी असो. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "त्यांची भेट चाललेली असती. आपण मधी कशाला?"

त्या पंचफुलाबाई कांबळे.

बाई मूळच्या देगलूरकडच्या एका खेड्यातल्या. नवरा लवकर वारला, मूलबाळ नव्हतं. एवढं त्यांनी मला एकदा सांगितलं आणि तो विषय तिथेच संपवला. सतराव्या-अठराव्या वर्षी त्या नांदेडच्या एका स्टुडिओत झाडलोट करायला लागल्या. तिथल्या मालकांनी त्यांच्या हातातली नजर ओळखली. हे 'हातातली नजर' त्यांचेच शब्द. मालकांनी त्यांच्या हातात टोक केलेली शिसपेन्सिल दिली आणि काचेखाली दिवा लावून निगेटिव्हवरच्या चेहऱ्याचे डाग भरायला शिकवलं. बारा वर्षं त्यांनी पेन्सिल चालवली. मग संगणक आला. मालकांनी कुठून तरी एक सीडी आणली, सगळीकडे तशाच आणत, तिच्यातला फोटोचा प्रोग्राम चोरीचा आहे हे आणणाऱ्याला माहीत असे आणि वापरणाऱ्यालाही. बाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं. चित्रं ओळखून, चुकत-चुकत त्या शिकल्या. प्रोग्राममध्ये एका चित्रावर दुसरं चित्र असे थर रचायचे असतात, त्यांना त्या 'पापुद्रे' म्हणत. "केसाचा पापुद्रा वर घ्या", "कुंकवाचा पापुद्रा बंद करा." भाकरीचा पापुद्रा उचलावा तशा त्या माउसनं थर उचलत.

मालक गेले, स्टुडिओ बंद झाला, तेव्हा बाईंनी ही अरुंद जागा घेतली. भिंतीवर बुद्धाची एक लहान तसबीर, खाली लोखंडी कपाट, एक स्टूल आणि संगणक. गिऱ्हाईक बसलं की पहिला अर्धा तास त्या संगणकाला हात लावत नसत. माणसाचं नाव विचारत. भांग मधोमध की बाजूला, दात पुढे होते का, कुंकू आडवं की गोल, रागावल्यावर कसं बघायच्या. माणसं आधी बुजत, मग बोलायला लागत, मग थांबत नसत. गेलेल्या माणसाविषयी इतकं सविस्तर त्यांना कुणी विचारलेलंच नसे. समोर एखादा चेहरा उघडा असताना बाई चहासुद्धा पीत नसत. बाहेर जाऊन पीत.

आणि एक नियम होता. त्या कुणाला गोरं करत नसत.

या नियमावरून झालेली एक हुज्जत माझ्यासमोर झाली. एक साहेब मोटारीतून उतरले. मोठ्या हुद्द्यावर असावेत. आईचा फोटो करून झाला होता. त्यांनी तो हातात घेतला, बाई नेहमीप्रमाणे बाहेर निघाल्या, तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

"बाई, जरा उजळ करा की. दिवाणखान्यात लावायचाय."

"उजेड वाढवून देते."

"उजेड नाही. रंग."

बाई आत येऊन स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "साहेब, ह्या काय काम करत होत्या?"

"शेतात होती. आमचं शिक्षण तिनं रोजगार करून केलं," साहेब जरा अभिमानानं म्हणाले.

"मंग हा रंग त्याच कामाचा हाय. तो मी काढला तर काय ऱ्हाईल? तुमी दुसरीकडं करून घ्या. लोक करून देतेत. मला जमणार न्हाई."

साहेब रागावून फोटो तिथेच टाकून गेले. बाईंनी तो कागदात गुंडाळून कपाटात ठेवला. पंधरा दिवसांनी साहेब पुन्हा आले. बरोबर मोटार नव्हती. त्यांनी हात पुढे केला, बाईंनी कपाटातून फोटो काढून दिला आणि त्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

चोरीच्या सीडीवर चालणारा संगणक एके दिवशी रोग लागून बसला. पुरे झालेले चेहरे सीडींवर उतरवून ठेवलेले होते म्हणून वाचले, पण आत सात-आठ चेहरे अर्धे झालेले होते, ते सगळे गेले. बाईंनी ठरवलं की आता चोरीचं काही वापरायचं नाही. तोवर त्या मोठ्या कंपनीनं प्रोग्राम विकायचं बंद करून भाड्यानं द्यायला सुरुवात केली होती. महिन्याच्या महिन्याला बँकेतून आपोआप पैसे कापले जायचे. बाईंना ते जड होतं, पण त्यांनी कुरकुर केली नाही. कार्डाचे आकडे, इंग्रजी अर्ज, सगळं मीच भरून दिलं. पहिल्या दिवशी प्रोग्राम उघडल्यावर त्या हसल्या. "आता कुणाची भीती न्हाई. आपला हाय." मी त्यांना तेव्हा सांगायला हवं होतं की तो आपला नाही, भाड्याचा आहे. मलाही तेव्हा त्यातला फरक नीट कळला नव्हता.

मग करोनाची दुसरी लाट आली.

त्या दोन महिन्यांबद्दल लिहायला माझा हात धजत नाही. रोज सकाळी बाईंच्या अर्ध्या ओढलेल्या शटरपुढे चार-पाच माणसं अंतर ठेवून उभी असत. कुणाच्या हातात आधार कार्ड, कुणाच्या मोबाइलवर वाढदिवसाचा हललेला फोटो. तरणी माणसं जात होती. तरण्या माणसांचे फोटो मोबाइलमध्ये पुष्कळ होते, पण भिंतीवर लावण्यासारखा एक नव्हता, कारण तसा काढायची वेळ आली असं कुणालाच वाटलं नव्हतं. बाई दिवस उजाडल्यापासून बसत. मी वरून डबा नेऊन द्यायची. त्या बाहेर पायरीवर बसून तो खात.

त्यात हदगावचा माधव आला. तिथल्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, तो हमाली करायचा. बायको सविता तिसाव्या वर्षी गेली होती, मागे दोन मुली. थोरली नऊ वर्षांची, धाकटी तीन. सविताचा चेहरा दोनच ठिकाणी होता. आधार कार्डावर, जिथे आपण सगळेच गुन्हेगारासारखे दिसतो, आणि बहिणीच्या हळदीत, कुणाच्या तरी खांद्याआड. त्या हळदीतल्या अर्ध्या चेहऱ्यात ती हसत होती. बाईंनी सांगितलं, "हे हसणं मी पुरं करते. तेराव्याच्या आदल्या दिवशी या."

चेहरा पाऊण झाला होता. डावा गाल आणि हनुवटी राहिली होती. त्या सकाळी बाईंनी प्रोग्राम उघडला तर चित्राऐवजी एक पांढरी चौकट आली. पैसे कापले गेले नाहीत, आधी भरा. बाईंच्या बँकेच्या कार्डाची मुदत संपली होती आणि नवं कार्ड टपालात कुठे तरी अडकलं होतं. मी माझ्या कार्डावरून भरायचा प्रयत्न केला, ते घेईना. बँक दोन तासच उघडी, दारात रांग, आत एकच माणूस. त्यानं सांगितलं की कार्ड येईपर्यंत काही करता येणार नाही. मदतीच्या नंबरवर एक मुलगी इंग्रजीत फार अदबीनं बोलली. मी तिला म्हणाले, उद्या एका बाईचं तेरावं आहे, ती फाइल फक्त एकदा उघडून द्या. ती म्हणाली, तुमची अडचण मी समजू शकते. आणि पुन्हा पहिल्यापासून तेच सांगू लागली. तिच्या हातात तरी काय होतं?

बाईंनी शेजारपाजारचे स्टुडिओ शोधले. सगळे बंद. त्या चौकटीपुढे बसून राहिल्या. चेहरा त्यांच्याच संगणकात होता, त्यांनीच केलेला होता, आणि त्यांना तो बघता येत नव्हता.

दुपारी माधव मोटारसायकलवर आला. बाई रस्त्यावर उतरून त्याच्याशी बोलल्या. मी वरच्या गॅलरीत होते. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. पण माधवनं तोंडावरचा रुमाल न काढता हात जोडले आणि तो म्हणाला ते ऐकू आलं. "असू द्या बाई. तुमी तरी काय करणार." गाडी वळवून तो गेला. तेराव्याला त्यांनी आधार कार्डाचाच चेहरा झेरॉक्सच्या दुकानात मोठा करून लावला, असं पुढे कळलं.

संध्याकाळी मी खाली गेले तेव्हा बाई दुकानात तशाच बसलेल्या. म्हणाल्या, "शिवी दिली असती तर बरं झालं असतं मॅडम. त्यानं हात जोडले."

त्यानंतर अकराव्या दिवशी कार्ड आलं. बाईंनी सविताचा चेहरा पुरा केला, फोटो छापला आणि माधवला फोन लावला. नंबर बंद होता. पुढेही बंदच लागत राहिला.

त्या पावसाळ्यात एका दुपारी बाई वर आल्या. त्या सहसा वर येत नसत. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "मॅडम, पैशे न भरता चालतो असा एखादा प्रोग्राम हाय म्हणतेत. चोरीचा न्हाई, खराच. तो बघायचाय मला."

होता तसा. जगभरातली माणसं मिळून बनवतात, वापरायला कुणाला विचारावं लागत नाही, एकदा घेतला की इंटरनेट नसलं तरी चालतो. मी तो त्यांनी कुणाकडून तरी घेतलेल्या एका जुन्या लॅपटॉपवर टाकून दिला आणि रोज तासभर शेजारी बसून इंग्रजी सूचना वाचून सांगू लागले. मला वाटलं होतं आठ दिवसांत जमेल. सहा महिने लागले.

छप्पन वर्षांच्या हाताची सवय मोडणं मी जवळून पाहिलं. पंचवीस वर्षं एक बटन दाबलं की कात्री यायची, आता त्याच बटनावर भलतंच यायचं. बाई चुकत, थांबत, पुन्हा करत. "दुसऱ्याच्या घरात सैपाक करून राहिले मी," त्या म्हणत. "मीठ कुठं, तिखट कुठं. चूल पेटवायलाच अर्धा दिवस." शाळकरी वही घेऊन त्यांनी डावीकडे जुनं, उजवीकडे नवं असं मराठीत लिहून काढलं. काही गोष्टी नव्यात खरंच कमी होत्या. विस्कटलेले केस जुना प्रोग्राम झटकन सोडवून द्यायचा, इथे बट न् बट हातानं करावी लागे. बाई ते लपवत नसत. कुणी जुन्याला नावं ठेवली तर त्यांना आवडत नसे. "चांगला हाय तो. लई चांगला. पण त्याच्या दाराची किल्ली दुसऱ्याजवळ हाय." एकदा मी नव्याला 'फुकटचा प्रोग्राम' म्हटलं तर त्यांनी मला दुरुस्त केलं.

"फुकट न्हाई म्हणायचं. ज्यानं केला त्यानं मेहनत केली. मोकळा म्हणा."

हात बसल्यावर त्यांनी पुढचं काम काढलं. पंचवीस वर्षांचे चेहरे जुन्या प्रोग्रामच्या फाइलींत होते. नव्यात त्या उघडायच्या, पण धड नाही. केस एकीकडे, कान दुसरीकडे, पदर गायब. बाईंनी जुन्या प्रोग्रामचा आणखी एक महिना घेतला, फक्त एवढ्यासाठी. सकाळपासून त्या एकेक फाइल उघडत, तिचे पापुद्रे नीट जुळवून कुठेही उघडेल अशा प्रकारात ठेवत. उघडताना नाव मोठ्यानं वाचत. "गयाबाई, लोहा." "शेख चाँद, बिलोली." "भारतबाई, हदगाव." मी कॉलेजातून आले की खालून तो आवाज यायचा. हजेरी चालल्यासारखा. काही चेहऱ्यांपाशी आवाज थांबे. मग त्या बहुधा काही तरी सुधारत असत, कारण मला सांगत, "तवा हात कच्चा होता. नाक चुकलं होतं बिचाऱ्याचं."

महिना संपला. शेवटची फाइल सविताची होती. ती झाल्यावर बाईंनी मला खाली बोलावलं आणि भाडं बंद करायला सांगितलं. मी बंद केलं. पडद्यावर कंपनीनं विचारलं होतं, तुम्ही का सोडून चालला आहात? खाली सहा कारणं दिली होती, त्यातलं एक निवडायचं. मी ती त्यांना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "ह्यात न्हाई."

पुढच्या उन्हाळ्यात लातूरला फोटोवाल्या मंडळींचा एक मेळावा होता. ओळखीच्या एकानं बाईंना बोलावलं, मोकळ्या प्रोग्रामवर काम करून दाखवा म्हणून. माझं माहेर लातूरचं, मी बरोबर गेले. सभागृहात बहुतेक तरुण पोरं, गळ्यात महागडे कॅमेरे. बाई पांढरी साडी नेसून मंचावर बसल्या आणि पहिल्याच मिनिटाला घाबरून सवयीनं जुनं बटन दाबलं. मोठ्या पडद्यावरचा चेहरा नाहीसा झाला. मागून कुणी तरी हसलं. चेहरा परत आणायला त्यांना वेळ लागला.

एक जण उभा राहिला. "बाई, ह्याच्यात टाइम किती चाललाय! गिऱ्हाईक थांबंल का?"

"सवय होस्तोवर दुप्पट लागतो," बाई म्हणाल्या.

"मग काहून करायचं?"

बाईंनी विचार केला. मला वाटलं आता माधवची गोष्ट सांगतील. नाही सांगितली. एवढंच म्हणाल्या, "माझं दुकान मी उघडते. कुणाला इचारून न्हाई."

तो खांदे उडवून बसला. चहाची सुटी झाली आणि सभागृह रिकामं झालं ते पुन्हा भरलंच नाही. बाहेर कॅमेऱ्यांचे स्टॉल होते. मंचावर बाईंचं काम चालूच होतं. एका म्हातारीचा कान त्या अर्धा तास घडवत होत्या. खुर्च्यांवर तीन माणसं उरली होती. मी, माइकवाला आणि रेणापूरची उज्ज्वला नावाची एक बाई. ती घरी बसून लोकांच्या लग्नाच्या अल्बमची पानं जुळवून द्यायची. कान पुरा झाल्यावर उज्ज्वला मंचापाशी आली आणि संकोचून म्हणाली, "बाई, तुमची ती वही झेरॉक्स करून देताव का?"

बाईंनी पिशवीतून वही काढून तिच्या हातात ठेवली. "झेरॉक्स कशाला? घेऊन जा. माझ्या हाताला आता याद झालंय."

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं अपमान लागला असेल. नांदेड जवळ आल्यावर म्हणाल्या, "हदगावला जायाला पाहिजे."

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. हदगावच्या मोंढ्यात चौकशी केल्यावर माधवचं घर सापडलं. फोन त्यानं त्याच वेळी विकला होता. घर दोन खोल्यांचं. समोरच्या भिंतीवर झेरॉक्समधली सविता होती, काळपट, डोळे ताठ, वर प्लास्टिकची फुलं. बाईंनी चादरीत गुंडाळलेली चौकट सोडून माधवच्या हातात दिली आणि त्या बाहेर जायला वळल्या. पण जाता आलं नाही. धाकटी मुलगी मध्ये आली. तिनं नव्या फोटोकडे पाहिलं, मग भिंतीकडे बोट केलं.

"ही न्हाई. माझी आई ती हाय."

माधव तिच्यावर ओरडला. बाई म्हणाल्या, "ओरडू नका. बरोबर हाय तिचं." तिसऱ्या वर्षी आई गेलेल्या पोरीला आई आठवत नव्हती. तिला भिंत आठवत होती. वर्षभर तिनं रोज तोच चेहरा पाहिला होता, आणि वर्षभर तो तिथे का होता हे त्या खोलीत आम्हा तिघांना माहीत होतं.

बाई जमिनीवर बसल्या आणि थोरलीला जवळ बोलावलं. "तू सांग बाळा. तुला याद हाय ना आई?"

थोरलीनं बराच वेळ फोटो पाहिला. "आई अशी हसत नव्हती."

"मंग कशी?"

"दात पुढं होते म्हून वठ दाबून हसायची. अशी." आणि तिनं ओठ दाबून दाखवलं. माधव एकदम दाराकडे तोंड करून उभा राहिला.

हळदीत, बहिणीच्या आनंदात, सविता एकदाच मोकळेपणी हसली असणार, आणि तेच हसू बाईंनी पुरं केलं होतं. बाईंनी पिशवीतून लॅपटॉप काढला. त्या घरात इंटरनेट नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. पोरीला मांडीशी घेऊन त्यांनी सविताचा चेहरा उघडला आणि विचारत-विचारत ओठ मिटवायला सुरुवात केली. "अजून?" "अजून थोडं." "इकडचा कोपरा?" "वर असायचा." दीड तास ते चाललं. मधे वीज गेली, लॅपटॉप चालत राहिला. शेवटी थोरली म्हणाली, "हां." तेवढंच. धाकटी येऊन उभी राहिली होती. तिनं पडद्यावरच्या ओठांना बोट लावलं आणि बहिणीकडे पाहिलं.

नवा फोटो आठ दिवसांनी बाईंनी एसटीनं नेऊन दिला. माधव भिंतीवरची झेरॉक्स उतरवायला गेला तर त्यांनी उतरवू दिली नाही. "ती धाकटीची हाय. दोन्ही राहू द्या. तिला वाटंल तवा ती काढील." फाइल त्यांनी पेन ड्राइव्हवर घालून थोरलीला दिली. मोठी झाल्यावर आणखी काही आठवलं तर आईचा चेहरा तिचा तिला बदलता यावा म्हणून.

त्यानंतर वर्षभरात माझी लातूरला बदली झाली. बाई फोन करत. बोलणं थोडं, तब्येतीचं. छातीत दुखायला लागलं तेव्हा तपासायला त्या लातूरला आल्या. दवाखान्यातून निघाल्यावर म्हणाल्या, "बसला वेळ हाय. उज्ज्वलाचं दुकान बघून येऊ." उज्ज्वलानं गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत खोली घेतली होती. तीन महिन्यांनी पंचफुलाबाई नांदेडला सकाळी झोपेतून उठल्याच नाहीत. तेव्हा ती दुपार ही आमची शेवटची भेट, हे मला मागाहून कळलं.

त्या दुपारी उज्ज्वलापुढे एक म्हातारे गृहस्थ बसले होते. धाकट्या भावाचा फोटो करायला आले होते. भाऊ चाळीस वर्षांपूर्वी गेलेला, शाळेच्या गटफोटोत नखाएवढा. उज्ज्वला बाईंना बघून गडबडली, खुर्ची सोडून उठायला लागली. बाईंनी हातानंच तिला बसवलं आणि स्वतः गिऱ्हाइकाच्या बाकावर टेकल्या.

काम चालू झालं. म्हातारे सांगत होते, उज्ज्वला करत होती. भुवई जमेना. तिनं तीनदा केली, तीनदा पुसली. मग मागे वळून म्हणाली, "बाई, बरोबर होऊन राहिलं का?"

"मला इचारू नको," बाई म्हणाल्या. "मी कुठं बघितलंय त्यांच्या भावाला? त्यांना इचार."

उज्ज्वलानं विचारलं. म्हातारे पुढे झुकले, खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले आणि बोटानं हवेत भुवई काढून दाखवू लागले. दोघांची डोकी पडद्यापाशी जवळ आली. माझी नजर बाईंकडे गेली. त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि पहिलं बोट माउसवर असल्यासारखं आपोआप हलत होतं, उचलत होतं, सोडत होतं, उज्ज्वलाच्या अर्धा क्षण आधी. थोड्या वेळानं ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी डावा हात उचलून उजव्यावर ठेवला आणि बोट थांबवून धरलं.